जुन्या भिंतींची दुरुस्ती, चुना आणि मार्चअखेरची घाई

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यांतले ११ किल्ले महाराष्ट्रातले आहेत आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून किल्ले, घाट, वेशी आणि जुनी मंदिरे यांच्या डागडुजीच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर वाचायला मिळतात. निधी किती मंजूर झाला, काम कोणाला मिळाले, ते किती दिवसांत पुरे होणार, हे सारे त्या बातम्यांत असते. दुरुस्ती कशाने होणार, दगडांमधल्या सांध्यांत चुना भरणार की सिमेंट, हे मात्र क्वचितच असते. जुन्या इमारतीचे पुढच्या ५० वर्षांतले आयुष्य ज्या गोष्टीवर ठरते तीच बातमीतून निसटावी, याचे मला वाईट वाटते. मी सरकारी नोकरीत ३१ वर्षे स्थापत्य अभियंता म्हणून काम केले आहे आणि ज्या चुकीविषयी आज लिहितो आहे ती मी स्वतःही केलेली आहे, म्हणून हे पत्र.

आधी चुन्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण चुना म्हणजे पानाला लावायची किंवा दिवाळीत भिंतींना फासायची पांढरी वस्तू, एवढीच ओळख आता उरली आहे. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी पडले की तो खदखदतो, तापतो, फुटतो आणि विरतो. असा विरवलेला चुना वाळू किंवा विटांची सुरखी घालून मळला आणि भिंतीत भरला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. दगडापासून निघून दगडापाशी परतणाऱ्या या प्रवासाला महिने, जाड भिंतीत वर्षे लागतात. आपला सह्याद्री आणि घाटमाथ्यापलीकडचा देशावरचा भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या दगडाचा, असल्यामुळे चुनखडीच्या मोठ्या खाणी येथे फारशा नाहीत. काळ्या रानात सापडणारे चुनखडीचे खडे वेचून लोणारी लोक भट्ट्या लावीत. त्या खड्यांत मुळातच थोडी माती मिसळलेली असल्याने त्यांचा चुना ओलाव्यातही काही प्रमाणात धरतो आणि घाट-विहिरींच्या बांधकामाला ते सोयीचे पडत असे. कोकणात समुद्रकाठी शिंपले भाजूनही चुना करीत. किल्ल्यांवर आजही दिसणारी चुन्याची घाणी, म्हणजे ते गोल दगडी चर आणि त्यात बैलांनी फिरवायचे दगडी चाक, हे या मळणीचे यंत्र. पर्यटक त्या चाकाला टेकून छायाचित्रे काढतात. ते ज्या कामासाठी होते ते काम मात्र शेजारच्याच तटाच्या दुरुस्तीत कोणी करीत नाही.

आता सिमेंटने बिघडते काय? आपल्याकडची जुनी जाड भिंत बहुधा तीन थरांची असते: बाहेरून घडीव दगड, आतून घडीव दगड आणि मध्ये चुन्यात किंवा मातीत बसवलेला गोटे-कपच्यांचा भराव. अशा भिंतीत पाणी शिरतेच. ते वरून शिरते, पायातून चढते, पिंपळाच्या मुळांवाटे झिरपते. जुन्या गवंड्यांनी ते अडवण्याचा अट्टहास केला नाही. आलेले पाणी चुन्याच्या सांध्यांतून उन्हाळ्यात परत बाहेर पडेल, अशी वाट त्यांनी ठेवली. आपण त्या सांध्यांवर सिमेंट भरतो तेव्हा पावसाला बंदी घातल्यासारखे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात बंदी पडते ती बाहेर पडणाऱ्या ओलीवर. भिंतीच्या माथ्यावरून पाणी येतच राहते, मधल्या भरावातला चुना धुपत जातो, भराव खाली बसतो आणि काही वर्षांनी भिंतीला पोट येते. बेसॉल्ट पक्का असतो, तो बराच काळ तग धरतो. पण जिथे पातळ विटा आहेत, जांभा आहे किंवा बेसॉल्टचाच सच्छिद्र प्रकार वापरलेला आहे, तिथे ओल त्या मऊ वस्तूतूनच वाट काढते. तिच्याबरोबर आलेले क्षार, ज्यांत सिमेंटने स्वतः आणलेल्या क्षारांचीही भर पडते, पृष्ठभागामागे स्फटिक होऊन फुगतात. भिंतीला लोणा लागतो, पोपडे सुटतात आणि सांधा शाबूत राहून वीट झिजते. सांधा दगड-विटेपेक्षा मऊ असावा, म्हणजे झिजायचे ते सांध्याने झिजावे आणि सांधा पुन्हा भरता यावा, हा जुन्या बांधकामाचा साधा नियम आहे. सिमेंटने तो नेमका उलटा होतो.

शिवाय सिमेंट ताठ असते. उन्हाने तापणारा काळा दगड दिवसभरात प्रसरण पावतो आणि रात्री आकसतो. ही हालचाल चुना सोसतो, आणि त्याला बारीक तडा गेलाच तर झिरपत्या पाण्यात विरघळलेला चुना त्या तड्यात पुन्हा साठून तो काही अंशी भरूनही काढतो. सिमेंटची पट्टी मात्र कडेने सुटते आणि सुटलेल्या कडेची बारीक फट पाणी आत ओढून घेते. एकदा आत गेलेल्या पाण्याला परतीची वाट नसते.

माझी स्वतःची चूक येथे सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका तालुक्याच्या गावातील जुन्या वेशीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक मी केले होते. ‘जुन्या दरजा खरवडून एकास तीन सिमेंटने भरणे’ (दरजा म्हणजे दगड-विटांमधले सांधे; एकास तीन म्हणजे एक भाग सिमेंटला तीन भाग वाळू) ही बाब मी हौसेने घातली, कारण महाविद्यालयात आम्हांला तेच शिकवले होते आणि दरसूचीत, म्हणजे सरकारी कामांच्या ठरीव दरांच्या यादीत, तीच बाब होती. काम झाल्यावर वेस अशी रेखीव दिसू लागली की वरिष्ठांनी पाठ थोपटली. निवृत्तीनंतर त्या गावी एका लग्नाला गेलो असताना सकाळी मुद्दाम वेशीकडे फेरी मारली. माझ्या सिमेंटच्या पट्ट्या जाळीसारख्या पुढे आलेल्या होत्या, आणि त्यांच्या चौकटीत बसवलेल्या विटांच्या कमानीतल्या विटा बोटभर आत गेलेल्या होत्या. एका विटेवरून अंगठा फिरवला तर हातावर लाल पिठासारखी भुकटी आली. डाव्या बुरुजाला कमरेच्या उंचीवर पोट आले होते. वेशीवर खर्च झाला नसता तर ती आजपेक्षा बरी राहिली असती, हे मी एका अभियंत्याच्या नात्याने लिहितो आहे.

दुसरे उदाहरण आमच्या गावच्या देवळाचे. पेशवाईच्या उत्तरार्धातल्या अनेक देवळांप्रमाणे याचे जोते आणि गाभारा दगडी आहे, तर शिखर विटांचे आणि त्यावर चुन्याच्या गिलाव्यात केलेल्या मूर्तींचे. काही वर्षांपूर्वी गावाने वर्गणी काढून, पूर्ण श्रद्धेने, त्या शिखराला सिमेंटचा गिलावा केला आणि वर ऑइल पेंटचे तीन हात दिले. तीन-चार पावसाळे शिखर झळकले. त्यानंतर एका श्रावणात उत्तरेकडच्या कोनाड्यातली गरुडाची मूर्ती रात्रीतून खाली आली. सकाळी मी ती पाहिली. मूर्तीच्या पाठीला जुन्या चुन्याचा इंचभर थर चिकटलेला होता. त्यात तागाचे धागे जसेच्या तसे दिसत होते आणि नखाने ओरखडा उठत नव्हता. वरची सिमेंटची कातडी तेवढी रंगासकट वेगळी सुटत होती. कोनाड्यातली वीट ओलीचिंब, आणि हवामान तर आठ दिवस कोरडे होते. अडीचशे वर्षांचा चुना नवा वाटत होता आणि १० वर्षांच्या दुरुस्तीने मूर्ती पाडली होती.

हा दोष केवळ आपल्याकडचा आहे असे नाही. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर १८९८ पासून पुढची तीन दशके निकोलाओस बालानोस या अभियंत्याने पार्थेनॉनची डागडुजी केली. प्राचीन ग्रीक कारागिरांनी संगमरवराचे ठोकळे लोखंडी आकड्यांनी जोडताना प्रत्येक आकड्याभोवती शिसे ओतले होते, त्यामुळे लोखंडाला हवा-पाणी लागत नव्हते. बालानोसने साधे लोखंड वापरले आणि शिशाचे वेष्टण वगळले. लोखंड गंजले की ते मूळ आकारमानाच्या कित्येक पट जागा मागते; त्या फुगवट्याने दोन हजारांहून अधिक वर्षे टिकलेला संगमरवर आतून फुटू लागला. १९७५ मध्ये त्यासाठी खास समिती नेमावी लागली, आणि तेव्हापासून ते आकडे एकेक करून काढून तिथे टायटॅनियम बसवण्याचे काम चालू आहे. म्हणजे एका माणसाच्या कारकिर्दीत केलेली दुरुस्ती निस्तरायला त्याहून अधिक काळ लागला. सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतल्याची हकिकत आपल्याकडे प्रत्येक मुलाला पाठ असते. शिशाचा उपयोग कशासाठी होतो, हा प्रश्न त्या हकिकतीपुढे कोणी विचारीत नाही.

टायटॅनियमचे उदाहरण मी मुद्दाम दिले. मी नव्या सामग्रीच्या विरोधात नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेतही, म्हणजे जुन्या वास्तूंच्या संवर्धनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय सनदेतही, असे म्हटले आहे की पारंपरिक तंत्र अपुरे पडते तिथे आधुनिक तंत्र वापरता येते, मात्र त्याची परिणामकारकता शास्त्रीय माहितीने आणि अनुभवाने सिद्ध झालेली असली पाहिजे. आपल्या वेशींवर आणि शिखरांवर सिमेंट आले ते अशी सिद्धता होऊन आले नाही. ते दुकानात मिळत होते म्हणून आले.

या विषयावरचे संशोधन थोडे नाही. जुन्या भिंतीतला मुठीएवढा नमुना घेऊन सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवला तर चुना निघून जातो आणि वाळू खाली राहते. ती चाळून चुन्याचे व वाळूचे प्रमाण आणि वाळूची जाडी कळते. अर्थात कोकणातल्या नमुन्यात शिंपल्यांचा चुरा असेल तर तोही आम्लात विरघळतो आणि हिशेब चुकतो. तिथे नमुन्याचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. क्ष-किरणांच्या चाचणीने त्यातली खनिजे ओळखता येतात. ही कामे होऊ शकतील अशा प्रयोगशाळा देशात आहेत; लखनौ येथे सांस्कृतिक संपदेच्या संवर्धनासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा १९७६ पासून आहे आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्वतंत्र विज्ञान शाखा डेहराडूनला आहे. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आहेत, हे २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवण्यात आले, त्या संशोधकांपैकी एक पुरातत्त्व सर्वेक्षणाचे निवृत्त रसायनशास्त्रज्ञ होते आणि दुसरे छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ. अजिंठ्याच्या गिलाव्याला किडीने जसे पोखरले तसे वेरूळला झाले नाही, त्याचे श्रेय ते या मिश्रणाला देतात. चीनमध्ये चुन्यात चिकट तांदळाची पेज घालीत. त्या तांदळातला पिष्टमय घटक चुन्याचे स्फटिक बारीक आणि दाट ठेवतो, हे तिथल्या संशोधकांनी २०१० मध्ये मांडले. आपल्याकडचा गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, उडदाचे पाणी यांचे कामही याच धर्तीचे आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. समाजमाध्यमांवर हल्ली या गूळ-उडदाच्या पाककृतींचे फार कौतुक चालते, आणि प्रत्येक किल्ल्याच्या भिंतीत गूळ व अंडी होती असे ठोकून सांगितले जाते. ज्या भिंतीचा नमुना तपासलेलाच नाही तिच्यात काय होते ते कोणीही सांगू नये. शिवाय कच्च्या चुन्यात ओतलेला गूळ मुंग्यांखेरीज कोणाच्या उपयोगी पडत नाही. पुरेसा भिजवलेला चुना, धुतलेली आणि जाड-बारीक मिसळलेली वाळू, नीट मळणी आणि नंतर गोणपाटाखाली जपलेली ओल, या चार गोष्टी असल्या तर मसाल्यावाचूनही चुना धरतो; या नसल्या तर कोणताही मसाला त्याला तारीत नाही.

इतके सगळे माहीत असूनही सिमेंटच का भरले जाते? माझ्या मते याचे उत्तर अज्ञानापेक्षा आपल्या कागदपत्रांत आहे. चुना हळू काम करतो आणि आपली देयके घाईने निघतात. निधी बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत हातात पडतो आणि ३१ मार्चपूर्वी तो खर्च झाला पाहिजे, नाहीतर परत जातो. चुन्याच्या कामाला नेमके हेच दिवस वाईट, कारण मार्चच्या उन्हात चुना धरण्याआधीच सुकतो आणि त्याची भुकटी होते. त्याचे खरे दिवस पाऊस ओसरल्यापासून थंडी संपेपर्यंतचे, आणि त्याआधी महिना-दीड महिना चुना हौदात भिजत पडलेला हवा. हौदात भिजणाऱ्या चुन्याचे मोजमाप मापपुस्तिकेत कसे घ्यायचे, हे मला ३१ वर्षांत कोणी सांगितले नाही. दुसरी अडचण चाचणीची. सिमेंटची ताकद २८ दिवसांनी मोजतात. त्याच २८ दिवसांत चुन्याचा ठोकळा दाबला तर तो ‘नापास’ होणारच, कारण त्याचे घट्ट होणे तेव्हा जेमतेम सुरू झालेले असते. त्याऐवजी नमुन्याचा ताजा काप घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या रसायनाचे थेंब टाकले तर जिथवर चुना पुन्हा चुनखडी झाला आहे तिथवर रंग उठत नाही आणि आतला भाग गुलाबी होतो. दोन रुपयांच्या या चाचणीने कामाची प्रगती डोळ्यांना दिसते. निविदेत मात्र तिचा उल्लेख मी कधी पाहिला नाही.

तिसरी गोष्ट फसवणुकीची. निविदेत ‘चुन्यात दरजा भरणे’ असे लिहून भागत नाही. बांधकामाच्या चुन्याचे प्रकार आयएस ७१२ या भारतीय मानकात वेगवेगळे सांगितलेले आहेत. ओलीत धरणारा वेगळा आणि केवळ हवेत धरणारा वेगळा. रंगकामाच्या दुकानातली चुन्याची फक्की आणून तीत निम्मे सिमेंट मिसळायचे, जुना दिसावा म्हणून काळी-पिवळी भुकटी घालायची आणि देयक चुन्याचे काढायचे, हा प्रकार मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. ओळखायला फार विद्या लागत नाही: दुसऱ्या दिवशी त्या दरजेवर खिळा ओढून पाहावा. कालची दरज आज खिळ्याला दाद देत नसेल तर ती चुन्याची नाही.

साफसफाईबद्दल थोडक्यात लिहितो. हेमाडपंती मंदिरांवरचा ऑइल पेंट काढायलाच हवा, पण वाळूच्या फवाऱ्याने तो काढताना पाथरवटाच्या टाकीच्या खुणाही जातात, आणि त्या परत येत नाहीत. कागदाच्या लगद्याचा ओला लेप देऊन क्षार शोषून घेणे किंवा रंग मऊ करून तो हाताने उतरवणे हे वेळखाऊ आहे, पण दगड वाचतो. दगडाला चकाकी देणाऱ्या लेपांविषयी तर अजिंठ्याचा धडा डोळ्यांपुढे ठेवावा. निझाम सरकारने १९२० च्या सुमारास बोलावलेल्या चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी सुटलेला गिलावा मोठ्या कौशल्याने पुन्हा बसवला, त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण चित्रांवर त्यांनी दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला आणि तो उतरवण्यात पुढच्या पिढ्यांची कित्येक वर्षे गेली.

आपल्या दैनिकामार्फत संबंधित खात्यांना माझी विनंती मर्यादित आहे. १०० वर्षांहून जुन्या दगड-विटांच्या बांधकामासाठी दरसूचीत चुन्याच्या बाबी वेगळ्या द्याव्यात आणि त्यांत चुना भिजवण्याचा काळ, मळणी व ओल राखणे यांचे पैसे मोजले जावेत. मूळ चुन्याच्या तपासणीचा अहवाल जोडल्याशिवाय निविदा काढू नये. अशा कामांचा निधी वर्षअखेरीस परत न जाता पुढच्या हिवाळ्यासाठी राखून ठेवण्याची मुभा द्यावी. ही एकच सुधारणा झाली तरी निम्मे सिमेंट आपोआप थांबेल. आणि गवंडी. २०१४ च्या राष्ट्रीय संवर्धन धोरणात पारंपरिक कारागिरांना मानाचे स्थान दिले आहे, पण तालुक्याच्या ठिकाणी चुन्यात हात घातलेला गवंडी आज शोधून सापडत नाही, आणि सापडला तर तो सत्तरीच्या पुढचा असतो. आयटीआयच्या गवंडीकामाच्या अभ्यासक्रमात चुन्याचे दोन महिने घालणे ही काही अवघड गोष्ट नव्हे. मुंबईत भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तसे काम करणारे हात जिल्ह्याजिल्ह्यांत का तयार होऊ नयेत?

आमच्या देवळाच्या शिखराचे नवे अंदाजपत्रक सध्या होत आहे. त्याच्या मसुद्यात ‘सिमेंट गिलावा, जलरोधक रसायनासह’ ही बाब पुन्हा आलेली आहे. मी लेखी हरकत घेतली आहे आणि पडलेल्या गरुडाच्या पाठीवरचा चुन्याचा एक तुकडा, तागाच्या धाग्यांसह, अर्जाला जोडून दिला आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
जि. सातारा